‘नये’चं झाड: पेठेतल्या एका वाचनालयाच्या सूचनावह्या आणि शब्दचित्रांचा खटाटोप

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका पेठेतलं जुनं वाचनालय. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. अमृतमहोत्सवानिमित्त कार्यकारिणीला एक छोटं प्रदर्शन भरवायचं होतं, पण मांडायला फारसं काही हाताशी नव्हतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळं दप्तर पाण्यात गेलं. त्यानंतरचे फोटो म्हणजे हारतुरे घातलेले अध्यक्ष आणि त्यांच्यामागे अर्धवट दिसणारी कपाटं.

राहिल्या होत्या त्या सूचनावह्या. 1963 पासूनच्या 14. देवघेवीच्या खिडकीशी सुतळीने बांधलेली वही, तिला लटकवलेलं पेन (हे पेन चोरीला जातं, अशा नोंदी प्रत्येक वहीत आहेत) आणि सभासदांनी मनातलं ओकायला केलेली ती जागा. ग्रंथपाल मॅडमनी मला सहज चाळायला दिल्या आणि माझी संध्याकाळ गेली. दोन नमुने देते:

‘पंखा क्र. 3 फिरतो. अभिनंदन. आता वारा कधी येणार तेही कळवावे.’

‘उत्तम व्यवस्था! दिवाळी अंक चार महिने बांधणीला गेले आहेत. बांधणी फारच उत्तम होत असणार.’

मी पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते. मला वाटलं, या वह्या उघडून टेबलावर ठेवा, प्रदर्शन झालं. पण कार्यवाहांनी त्यांच्या भाच्याच्या ऑफिसात भिंतीवर एक शब्दमेघ पाहिला होता, म्हणजे वर्ड क्लाउड: जो शब्द जास्त वेळा येतो तो मोठा. ‘एका चित्रात सगळी पंचावन्न वर्षं आली पाहिजेत. आणि हो, जमलं तर पुणेरी पगडीच्या आकारात,’ असं ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, जी पुढे फार महत्त्वाची ठरली: महोत्सवाला एक देणगी आली होती, आणि सभासदांची सर्वांत मोठी मागणी कोणती ते त्या चित्रावरून ठरवून ती खर्च करायची होती.

अडचण

वह्या हस्तलिखित, त्यामुळे पहिलं काम म्हणजे टंकलेखन. तिघा विद्यार्थ्यांनी ते सहा आठवड्यांत केलं, काही मोबाइलवर टाइप करून, काही मोठ्याने वाचून गूगल डॉक्सच्या मराठी श्रुतलेखनातून. सुमारे 2,300 नोंदी एका स्प्रेडशीटमध्ये आल्या: वर्ष, वही क्रमांक, मजकूर. इथवर सरळ होतं.

मग एका विद्यार्थ्याने तो मजकूर नेटवर सापडलेल्या एका फुकट शब्दमेघ-यंत्रात टाकला. पडद्यावर सर्वांत मोठे शब्द उमटले: ‘पय’, ‘तक’, ‘चन’, ‘लय’. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, ‘हा काय बीजमंत्र आहे का?’

उलगडा व्हायला रात्र गेली. संगणक मजकुराचे शब्द पाडतो तो ‘अक्षरं कुठे संपली’ हे बघून. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हं संगणकात नोंदायच्या सर्वमान्य पद्धतीत, ‘क’, ‘प’ ही अक्षरं. पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारी खूण हे वेगळ्या जातीचं, ‘जोडचिन्ह’ म्हणून नोंदलेलं आहे. पायथनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘शब्दातलं अक्षर’ दाखवणारी जी नेहमीची खूण वापरतात, तिच्यात ही जोडचिन्हं बसत नाहीत. म्हणजे प्रत्येक मात्रेशी शब्द तुटतो, आणि एकटं राहिलेलं अक्षर लहान म्हणून फेकलं जातं. ‘कृपया’तला ‘क’ गेला, ‘पय’ उरलं. ‘पुस्तक’चं ‘तक’ झालं. ‘वाचनालय’ फुटून ‘चन’ आणि ‘लय’. ‘पंखा’ तर समूळ नाहीसा, कारण त्यात एकाशेजारी एक अशी दोन सुटी अक्षरंच नाहीत. रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या यंत्राकडून याहून वेगळं होणार नव्हतं. मात्र त्याने चूक झाली असं कुठेही सांगितलं नाही, छान रंगीत चित्र काढून दिलं. मराठी न वाचणाऱ्या कुणी ते थेट छापायला दिलं असतं.

ही अडचण निदान डोळ्यांना दिसली. दुसरी दिसत नव्हती, तिच्याकडे येतेच.

कोणते पर्याय होते

शब्दमेघ ही गोष्ट वाटते तेवढी नवी नाही. स्टॅनली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने 1976 मध्ये पॅरिसच्या रहिवाशांकडून शहराचे मनातले नकाशे काढून घेतले होते, आणि ज्या ठिकाणाचा उल्लेख जास्त त्याचं नाव मोठं अशा पद्धतीने ते मांडले होते. 2004 पासून फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाने टॅगचे, म्हणजे फोटोंना चिकटवलेल्या ओळखीच्या शब्दांचे, मेघ घरोघरी पोचवले. 2008 मध्ये आयबीएममधल्या जोनाथन फाइनबर्गने वर्डल हे मेघ करायचं साधन काढलं आणि शाळेच्या प्रकल्पापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळ्याचे मेघ झाले. ते ब्राउझरमधल्या जावा या प्रणालीवर चालायचं. ब्राउझरांनी जावाला रजा दिली तसं तेही गेलं, आणि आता ते नाव सांगितलं की लोकांना पाच अक्षरी शब्द ओळखायचा खेळ आठवतो. मी पूर्वी वर्डलवर बरंच काम केलं होतं, ती सवय इथे काही उपयोगाची नव्हती.

आमच्यासमोर चार वाटा होत्या.

मेघच करायचा, पण शब्द आपण मोजून द्यायचे. बरीच साधनं ‘शब्द आणि संख्या’ अशी तयार यादी घेतात, मग तोडफोडीचा प्रश्नच येत नाही. कार्यवाह खूश, काम सोपं.

दुसरी वाट व्हॉयंट टूल्स. स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल या दोन अभ्यासकांनी मजकूर वाचायला म्हणूनच केलेलं हे फुकट साधन आहे. मेघ त्यातही मिळतो. पण खरी चीज म्हणजे संदर्भांचा तक्ता: शब्द मधोमध, डावीउजवीकडे त्याचा शेजार. गाथेच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते ना, तिचाच पुढचा अवतार म्हणा. शिवाय ते उतरवून आपल्या संगणकावर चालवता येतं. आमच्या नोंदींत सभासदांची आणि कर्मचाऱ्यांची नावं होती, काहींबद्दल बरंच तिखट लिहिलेलं होतं, त्यामुळे हा मुद्दा मोठा होता.

तिसरी शब्दवृक्षाची. मार्टिन वॉटेनबर्ग आणि फर्नांडा व्हिएगास यांनी आयबीएमच्या ‘मेनी आइज’ या प्रकल्पात हा प्रकार आणला. एक शब्द बुंधा म्हणून घ्यायचा, त्याच्यापुढे मजकुरात जे जे आलं त्याच्या फांद्या. समान सुरुवात असलेली वाक्यं एका जाड फांदीत येतात. ‘मेनी आइज’ बंद झालं, पण जेसन डेव्हिस याने नेटवर ठेवलेला शब्दवृक्ष आहे आणि गूगल चार्ट्समध्येही तो प्रकार मिळतो.

चौथी वाट म्हणजे काहीच न करता पानांचे मोठे फोटो लावायचे. माझं मत आधी याच बाजूने होतं, पण देणगीचा प्रश्न त्यातून सुटत नव्हता.

आम्ही ठरवलं: आधी व्हॉयंटवर स्वतःच्या संगणकात सगळं तपासायचं, मेघ त्यातून निघालेल्या आकड्यांचा करायचा, आणि वृक्ष वेळ उरला तर. हा क्रम चुकला होता, पण तेव्हा कळलं नाही.

काय केलं

नावं झाकण्यापासून सुरुवात केली, आणि तिथेच तोंडावर पडलो. स्प्रेडशीटमध्ये आडनावांची यादी घेऊन ‘शोधा आणि बदला’ लावलं. प्रत्येक आडनावाच्या जागी ‘सभासद’. दुसऱ्या दिवशी व्हॉयंटच्या यादीत ‘सभासदघेव’ नावाचा एक भारदस्त शब्द बऱ्यापैकी वर बसलेला. यादीत ‘देव’ हे आडनाव होतं. ‘देवघेव विभागा’चा ‘सभासदघेव विभाग’ झाला होता. ‘काळे’ असलेलं प्रत्येक काळं कपाट सभासद झालं होतं. मूळ मजकुराचा स्तंभ वेगळा राखला होता म्हणून वाचलो. नंतर नावं हाताने, एकेक नोंद वाचून झाकली.

मग रूपांचा गुंता. इंग्रजीत ‘फॅन’ला फार तर एक एस लागतो. आपल्याकडे पंखा, पंखे, पंख्याचा, पंख्याखाली, पंख्यामुळे, पंख्यांना. सामान्यरूप होऊन प्रत्यय चिकटला की यंत्राला तो नवा शब्द. मराठी रूपं आपोआप मूळ शब्दावर आणणाऱ्या साधनांवर माझा भरवसा बसला नाही, म्हणून मॅडम आणि मी दोन दुपारी बसून एक तक्ता केला: डावीकडे मजकुरातलं रूप, उजवीकडे मूळ शब्द. सर्वांत जास्त येणारी सहाशे रूपं एवढ्यावर थांबलो. लेखनाचे फरकही त्यातच मिटवले. 1962 चे लेखननियम येऊनही जुन्या सभासदांनी पुढे कितीतरी वर्षं ‘पुस्तकें’, ‘नाहीं’ असा अनुस्वार दिलेला आहे, आणि ‘क्रुपया’ लिहिणारे तर सर्व काळात आहेत.

एकत्र काय करायचं नाही, हेही ठरवावं लागलं. ‘वर्तमानपत्र’ आणि ‘पेपर’ एक करू या असं विद्यार्थ्यांचं म्हणणं. मॅडम ठाम: ‘अहो, कोण कधीपासून पेपर म्हणायला लागलं तेच तर बघायचंय!’ ते दोन्ही वेगळे ठेवले, आणि त्या दोन शब्दांचा वर्षवार आलेख डेटारॅपर या आलेख काढायच्या साधनावर काढला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे दोन रेघा एकमेकींना छेदतात. प्रदर्शनातली सर्वांत स्वच्छ गोष्ट तीच होती.

यानंतर मी ती दुसरी, न दिसणारी चूक केली. मेघातून ‘आहे’, ‘आणि’, ‘पण’, ‘हे’, ‘ते’ असले शब्द गाळायचे असतात, नाहीतर तेच सगळी जागा खातात. गाळायची यादी मीच लिहिली, आणि सवयीने त्यात ‘नाही’, ‘नको’, ‘नये’, ‘नका’ टाकले. व्याकरणाचे शब्द, अर्थ नाही, असं मानून.

मेघ आला. ‘कृपया’ सर्वांत मोठा, पुण्यात याहून वेगळं काय येणार. त्याखालोखाल ‘पुस्तक’, ‘पंखा’, ‘वर्तमानपत्र’, ‘आवाज’, ‘उत्तम’. कार्यवाहांनी तिथल्या तिथे निकाल लावला: पंखे घेऊ, देणगीतून दोन नवे. ‘उत्तम’ एवढा मोठा पाहून अध्यक्षही सुखावले. तो ‘उत्तम’ कुठल्या सुरातला आहे हे मॅडमना आणि मला माहीत होतं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि गप्प बसलो. गप्प बसायला नको होतं.

वेळ उरला म्हणून वृक्ष करायला घेतला. बुंधा ‘कृपया’. निराशा. फांद्या भाराभर, पण वाचून हाती काही लागेना. ‘कृपया वाचनकक्षातील पंखा’, ‘कृपया वर्तमानपत्राची पाने’, पुढे पसारा. कारण उघड आहे, फक्त सुचायला वेळ लागला: शब्दवृक्ष ज्या भाषेसाठी सुचला तिच्यात क्रियापद लवकर येतं. मराठीत माणूस शेवटपर्यंत कळू देत नाही. करावं की करू नये, हवं की नको, सगळा निकाल शेवटच्या शब्दात.

जेसन डेव्हिसच्या वृक्षात झाड उलटं करायची सोय आहे: बुंधा शेवटी, फांद्या डावीकडे मागे मागे जाणाऱ्या. बुंधा म्हणून आम्ही ‘नये’ घेतला (‘नयेत’ त्यातच मिसळून), नावं आधीच झाकलेली होती म्हणून मजकूर नेटवर टाकायला हरकत नव्हती, आणि पडद्यावर पंचावन्न वर्षांचं भांडण उभं राहिलं. ‘पाने दुमडू नयेत.’ ‘शब्दकोडे शाईने भरू नये.’ ‘खुनी कोण ते पहिल्या पानावर लिहू नये.’ आणि ‘पंखा’च्या दोन जवळपास सारख्या जाडीच्या फांद्या:

पंखा बंद करू नये.

पंखा लावू नये.

निष्पत्ती

व्हॉयंटच्या संदर्भ-तक्त्यात ‘पंखा’च्या सगळ्या नोंदी पुन्हा, या वेळी शेवटचा शब्द धरून वाचल्या. पंखे कमी आहेत अशी तक्रार जवळजवळ नव्हतीच. वाचनकक्षातलं वर्तमानपत्रांचं लांब टेबल बरोबर पंखा क्र. 3 च्या खाली होतं. पंखा लावला की पेपर फडफडायचे, बंद केला की बाकीचे घामाघूम. दोन्ही बाजूंचे सभासद एकमेकांना वहीतून उत्तरं देत होते. ‘वरील सूचना पाहावी’, ‘वरील सभासदास उन्हाळा लागत नसावा’ अशा नोंदींची साखळी 1971 पासून आहे. मेघात या दोन्ही पक्षांची बेरीज होऊन ‘पंखा’ मोठा दिसला होता.

नवे पंखे बारगळले. टेबल खिडकीकडे सरकवलं, पंख्याचा रेग्युलेटर बदलला, देणगी दिवाळी अंकांच्या बांधणीकडे वळली. कार्यवाहांना हे पटायला एक बैठक लागली. ‘मग पंखा एवढा मोठा का आला?’ हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्यावर ‘मी नये गाळला म्हणून’ हे सरळ उत्तर मला द्यावं लागलं.

मेघ मात्र पगडीसह लागला, व्यासपीठाच्या मागे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि खरं सांगायचं तर लांबून तो छान दिसत होता. दोन गोष्टी मात्र अडून करून घेतल्या. सगळे शब्द आडवे, कारण देवनागरी शब्द उभा फिरवला की शिरोरेघेची काठी होते आणि वाचणारा मान वाकडी करून निघून जातो. आणि ‘उत्तम’चा रंग वेगळा, खाली बारीक अक्षरात ‘अवतरणचिन्हांसह वाचावे’ अशी ओळ.

छपाईच्या वेळी शेवटचा धक्का. छापखान्यातल्या जुन्या मांडणी-प्रणालीत वृक्षाची फाइल उघडली तर वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या, जोडाक्षरं सुटली. मग मुक्ता हा युनिकोड फॉन्ट लावून ब्राउझरमधूनच पीडीएफ काढलं, अक्षरांचं रेखाचित्रांत रूपांतर केलं आणि तसंच दिलं. धंदा माझा हाच, तरी हे पहिल्या दिवशी सुचलं नाही.

‘नये’चं आठ फुटी झाड लोकांनी उभं राहून वाचलं. एक आजोबा एका फांदीवर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. मग मॅडमना म्हणाले, ‘हे खुनी कोण ते लिहू नये, हे माझं. आणि लिहिणारा कोण होता तेही मला माहिती आहे.’ नाव मात्र सांगितलं नाही. संध्याकाळी नव्या वहीत पहिली नोंद पडली: ‘वृक्ष वाचनीय. पंख्याखाली टांगू नये, फडफडतो.’

पुन्हा करायचं तर

सर्वांत आधी पन्नास नोंदी. 2,300 टंकून होईपर्यंत एकही साधन तपासलं नाही, हे चुकलं. पन्नास नोंदींवरही ‘पय’ आणि ‘तक’ दिसलेच असते, आणि टंकलेखन चालू असतानाच श्रुतलेखनातल्या खोडी सापडल्या असत्या: ते यंत्र ‘नयेत’चं ‘नये’ करतं की नाही, विरामचिन्हं गाळतं की नाही. आमच्या काही वह्यांत पूर्णविरामच आले नाहीत आणि झाडाच्या फांद्या दोन नोंदींतून आरपार गेल्या. त्या हाताने तोडाव्या लागल्या.

गाळायच्या शब्दांची यादी एकटीने करणार नाही. ती यादी म्हणजे तांत्रिक काम वाटतं म्हणून माझ्याकडे आलं, पण चित्र काय म्हणणार हे तिथेच ठरत होतं. मॅडमना दाखवली असती तर ‘नको’वर त्यांनी नक्की बोट ठेवलं असतं, रोज खिडकीवर त्या तेच ऐकतात.

झाड आधी, मेघ नंतर, हा क्रमही बदलेन. आणि ‘नये’बरोबर ‘पाहिजे’, ‘हवे’, ‘का?’ यांचीही झाडं काढायला हवी होती. ‘का?’चं झाड मी नंतर घरी काढून पाहिलं, ते सर्वांत दाट आहे.

उपरोधाचं काय करायचं, हे आम्हाला सुटलेलं नाही. विद्यार्थ्यांनी भावना ओळखणारं एक साधन लावून पाहिलं, त्याने बांधणीवरच्या त्या टोमण्याला ‘अत्यंत समाधानी’ असा शेरा दिला. शेवटी मॅडमनी स्प्रेडशीटमध्ये एक जादा स्तंभ टाकला, शीर्षक ‘खरंच?’, आणि नोंदी वाचत त्यात हो किंवा नाही भरायला बसल्या. 1984 पर्यंत आल्या आहेत.